बालवर्गात व्हिडिओ जोडताना: कापा, क्रम लावा, बोला

बालवर्गात मोबाइलला बहुतेक वेळा एकच काम असतं. मुलं रांगेत उभी, डोक्यावर फेटे, मागे गाणं, आणि संध्याकाळी व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर. त्यात वाईट काही नाही, पालकांनाही आवडतं. पण त्या व्हिडिओत मुलांनी काय केलं असं विचारलं तर 'उभी राहिली' याच्यापुढे उत्तर जात नाही. कापणं, जोडणं, आवाज घालणं हे सगळं ताईंनी किंवा सरांनी रात्री जेवणं झाल्यावर केलेलं असतं. शिकण्यासारखा भाग मोठ्यांनीच उरकून टाकलेला असतो.

व्हिडिओ जोडणं म्हणजे मुळात क्रम लावणं. आधी काय, मग काय, शेवटी काय. ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या भाषेचं आणि गणिताचं बरंचसं काम नेमकं याच जागी चालू असतं. गोष्ट सांगताना शेवट आधी सांगून टाकणारं मूल आणि पाचानंतर आठ म्हणणारं मूल, दोघांनाही क्रमाचाच सराव हवा असतो. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. खाली जे लिहिलंय ते याच टप्प्यासाठी आहे आणि त्यातली उदाहरणं खान्देशातली आहेत, कारण वर्गातल्या मुलांना जी गोष्ट घरी माहीत आहे तिचाच क्रम त्यांना लावता येतो.

अ‍ॅप कोणतं?

याच्यावर फार वेळ घालवू नका. तीन कामं जमली पाहिजेत: तुकडा कापणं, तुकडे मागेपुढे सरकवणं, आणि वरून आवाज भरणं. व्हीएन, इनशॉट, यूकट यांपैकी कोणतंही अ‍ॅप चालतं. इनशॉटच्या मोफत आवृत्तीत कोपऱ्यात त्याचं नाव येतं. व्हीएन आणि यूकटमध्ये तसा शिक्का येत नाही. व्हीएन कधी कधी शेवटी स्वतःच्या नावाची पट्टी जोडतं, ती निवडून डिलीट करायची. चित्रं एकेक करून हलवायची असतील तर स्टॉप मोशन स्टुडिओ वेगळं घ्यावं लागतं, त्याचंही मोफत रूप पुरतं. जुने लेख वाचून कुणी व्हिवाव्हिडिओ शोधत असेल तर शोधू नका. जून २०२० मध्ये सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ते होतं.

फिल्टर, चमचमते तारे, पान उलटल्यासारखं दृश्य बदलणं, हे सगळं मुलांसमोर उघडूच नका. एकदा तारे दिसले की पुढचे पंधरा मिनिटं तारेच चालतात आणि क्रम राहतो बाजूला. दोन तुकड्यांमध्ये काहीही न घालता सरळ जोड द्या. लहान मुलाला सरळ जोड जास्त चांगली कळते.

मुलांच्या हातात फोन देण्याआधी एक बटण दाबायचं: एअरप्लेन मोड. इंटरनेट नसलं तरी ही अ‍ॅप व्हिडिओ जोडतात. त्या एका बटणाने तीन गोष्टी थांबतात. मध्येच फोन वाजून चित्रण तुटत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पडद्यावर उतरत नाहीत, आणि मोफत अ‍ॅपमध्ये येणाऱ्या जाहिराती येत नाहीत. शेवटचं कारण सगळ्यात मोठं आहे. त्या जाहिराती चार वर्षांच्या मुलाचं वय बघून येत नाहीत. वाय-फाय सुरू राहिलं नाही ना, तेही बघा. काही फोनमध्ये ते वेगळं बंद करावं लागतं. याच्या जोडीला अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधलं 'अ‍ॅप पिन' सुरू केलं की मुलाचं बोट कुठेही घसरलं तरी तेच अ‍ॅप पडद्यावर राहतं. आयपॅड असेल तर 'गाइडेड अ‍ॅक्सेस' हेच काम करतं.

अंगणवाडीच्या ताईंसाठी एक वेगळी गोष्ट. ज्या फोनवर पोषण ट्रॅकरचं (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अ‍ॅपचं) काम चालतं त्या फोनची जागा व्हिडिओने भरू देऊ नका. १०८० दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ फोननुसार शंभर-सव्वाशे एमबी खातो. दहा मिनिटांचं चित्रण म्हणजे एक जीबीच्या वर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ७२० करून ठेवा. वर्गातल्या टीव्हीवर आणि पालकांच्या मोबाइलवर तो दर्जा भरपूर होतो. जमलं तर घरातला जुना, सिम नसलेला फोन वर्गासाठी ठेवावा. कॅमेरा बरा चालला पाहिजे, बाकी त्याच्याकडून काही अपेक्षा नाही.

किती मुलं, किती वेळ

एका फोनभोवती चार मुलं, फार तर पाच. सहावं आलं की मागच्याला दिसत नाही आणि ढकलाढकली सुरू होते. वर्गात पंचवीस मुलं असतील तर एका दिवशी एकच गट बसवा. बाकीची मदतनीस ताईंबरोबर माती, ठोकळे किंवा चित्रांत. आठवडाभरात सगळ्यांची पाळी येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, आणि कमी असेल तर चांगलंच असंही म्हटलं आहे. त्यातला बराच वेळ घरीच खर्ची पडलेला असतो. म्हणून वीस मिनिटांच्या उपक्रमात फोन पाच-सहा मिनिटंच समोर यावा अशी आखणी करा. ते कसं जमतं ते भरिताच्या उदाहरणात बघू.

वयाप्रमाणे अपेक्षा वेगळी ठेवा. तीन वर्षांच्या मुलाने फोटो काढला, स्वतःच बघितला आणि 'हे वांगं' म्हटलं की झालं. चार वर्षांचं मूल तीन चित्रांचा क्रम लावतं, पाच-सहाचं पाच चित्रांचा. तुकडा नेमका कुठे कापायचा हे ठरवणं पहिली-दुसरीतल्या मुलांना जमतं, आणि ते त्यांना भलतंच आवडतं.

भरीत

पहिल्या उपक्रमासाठी भरिताइतका सोपा विषय नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मुलांना त्याच्याशी कर्तव्य नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, वांगं काळं पडतं, हे त्यांनी बघितलेलं असतं. वर्गात जाळ करायचा नाही. ज्यांच्याकडे भरीत होणार आहे अशा एका पालकांना आधी सांगून पाच फोटो मागवायचे: हिरवं वांगं, जाळावरचं वांगं, काळं पडलेलं, सोललेलं, आणि बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचलेलं. मोबाइल आडवा धरून काढा हे दोनदा सांगा. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते दबून, पुसट होऊन येतात.

आता या पाच फोटोंच्या छापील प्रती काढा. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत ४ बाय ६ इंचाच्या प्रती स्वस्तात होतात. तेही नको असेल तर पुठ्ठ्याच्या पाच तुकड्यांवर चित्रं काढा. उपक्रमाची पहिली दहा-बारा मिनिटं सतरंजीवर जातात. चित्रं विस्कटून ठेवायची आणि गटाने ती ओळीत लावायची. इथे बोलू द्या. 'सोललेलं आधी का भाजलेलं?' यावर वाद झाला तर फार उत्तम. 'न भाजता सोलून बघू का?' असं विचारा. कच्चं वांगं हातात द्या, साल निघतं का बघू द्या. क्रम पाठ करायचा नसतो, त्यामागे कारण असतं, हे त्या वांग्यानेच मुलाला कळतं.

ओळ पक्की झाली की फोन. अ‍ॅपमध्ये 'नवीन प्रोजेक्ट' उघडून पाचही फोटो ताईंनी मुद्दाम चुकीच्या क्रमाने घालून ठेवलेले असावेत. चालवून दाखवा. भरीत आधी ठेचलं आणि मग झाडाला वांगं लागलं, हे बघून मुलं हसतात आणि दुरुस्त करायला पुढे येतात. खालच्या पट्टीतल्या चित्रावर बोट दाबून धरलं की सगळी चित्रं छोट्या चौकोनांसारखी होतात. मग बोट न उचलता ओढत योग्य जागी नेऊन सोडायचं. प्रत्येक मुलाला एक चित्र हलवायला मिळालं पाहिजे.

इथे हमखास अडतं ते बोट. लहान मुलं टोकाने दाबत नाहीत, पूर्ण बोट टेकवतात, आणि तळव्याची कड दुसरीकडे लागते. दाबून धरण्याऐवजी ती टकटक करतात, मग चित्र निवडलं जातं पण हलत नाही. त्यासाठी फोन हातात न देता जमिनीवर सपाट ठेवा आणि 'तीन मोजेपर्यंत दाब' असं सांगा. बोट ओलं किंवा तेलकट असेल तर पडदा साथ देत नाही. हात पुसायला एक कोरडं फडकं जवळ असू द्या, त्याच फडक्याने कॅमेऱ्याची काचही पुसून घ्या. बालवर्गातले निम्मे धुरकट व्हिडिओ हे काचेवर उमटलेल्या बोटांचे असतात.

प्रत्येक फोटो ४ सेकंद ठेवा. पाच फोटो म्हणजे २० सेकंद. या वयाला एवढं पुरतं. फोटो चार सेकंदांहून कमी राहिला तर आवाज भरताना मुलाचं वाक्य त्यात बसत नाही.

आवाज, आणि तो कुठल्या बोलीत

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची, कारण चित्र थोडं हललं तरी चालतं पण आवाज ऐकू आला नाही तर मुलाने केलेलं काम वाया जातं. चित्रण करतानाचा मूळ आवाज बंद करून टाका आणि बोलणं वेगळं भरा. प्रत्येक मुलाचं एक वाक्य, एका वेळी एकच मूल. फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड मुलाच्या तोंडापासून एक वीत अंतरावर, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरली तर प, फ, भ म्हणताना फुंकर माइकवर बसते आणि 'भरीत' मधला भ फुटतो.

पंखा दोन मिनिटं बंद. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. दोरीवर एक गोधडी टाका आणि मुलाला तिच्याकडे तोंड करून उभं करा, घुमणं बरंच कमी होतं. पत्र्याची शाळा असेल तर पाऊस सुरू असताना आवाज भरायच्या फंदात पडू नका. लग्नसराईत रस्त्याने डीजे जात असेल तरीही तेच.

रेकॉर्ड दाबल्यावर मनात दोन आकडे मोजून मग मुलाला खूण करा आणि बोलून झाल्यावर पुन्हा दोन मोजून थांबवा. ही शांत जागा नसेल तर पहिला किंवा शेवटचा शब्द कापला जातो. आणि वाक्य पढवू नका. 'बोल, आता आपण वांगं सोलतो' असं म्हटलं की मूल तेच, त्याच सुरात म्हणतं आणि पाचही मुलं एकाच ताईंसारखी ऐकू येतात. नुसतं विचारा, 'मग काय झालं?'

अमळनेर, धुळे, साक्री, शिरपूर या पट्ट्यातल्या मुलांची घरची बोली बहुतेक अहिराणी असते. मूल 'हाई काय शे' म्हणत असेल तर तसंच भरू द्या. त्याला थांबवून 'हे काय आहे म्हण' असं केलं की पुढचं वाक्य येत नाही, मूल गप्प होतं. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली. नंदुरबारच्या डोंगरातल्या शाळेत शिक्षकांना ती बोली येत नसेल तर एखाद्या आईला किंवा मोठ्या भावंडाला शेजारी बसवा. प्रश्न त्यांनी विचारावा.

मग त्याच प्रोजेक्टची नक्कल काढा. चित्रं तीच, फक्त आवाजाची पट्टी पुसून दुसऱ्या दिवशी शाळेच्या मराठीत भरा. एकाच चित्रावर दोन बोली लागोपाठ ऐकल्या की घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द मुलांच्या डोक्यात आपोआप शेजारी बसतात. त्यासाठी वेगळा तक्ता लावावा लागत नाही. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि अ‍ॅपवाल्यांनी तो मनात धरलेलाही नसेल.

मागे सिनेमाचं गाणं लावू नका. त्याचे हक्क कुणाचे तरी असतात, व्हिडिओ कुठे चढवला तर आवाज बंद पडतो, आणि मुलांचं बोलणं त्याखाली दबतं. सूर हवाच असेल तर एखाद्या आजीकडून आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) गौराईचं गाणं किंवा कानबाईचं गाणं फोनवर भरून घ्या. एक कडवं पुरे. बोलणं सुरू असताना त्याचा आवाज १५-२० टक्क्यांवर आणायचा.

पोळ्याचा मातीचा बैल चालवणं

हा उपक्रम जरा मोठ्या मुलांसाठी, साडेपाच ते आठ. श्रावण अमावास्येला पोळा, त्याआधीच्या आठवड्यात मातीचे बैल होतातच. तोच बैल चालवायचा. बैल थोडा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा.

आकडेमोड आधी करून घ्या. स्टॉप मोशन स्टुडिओमध्ये वेग सेकंदाला ५ फोटो ठेवा. पाच सेकंद बैल चालवायचा तर २५ फोटो. प्रत्येक फोटोला बैल १ सेंटिमीटर सरकवला तर तो २५ सेंटिमीटर चालतो. बैलाची लांबी दहाएक सेंटिमीटर धरली तर कॅमेऱ्यात साधारण ४० सेंटिमीटर रुंदीची जागा दिसली पाहिजे. एका कार्डशीटवर पट्टीने १-१ सेंटिमीटरवर बारीक ठिपके काढून ठेवा. ठिपके नसतील तर मुलं बोटभर सरकवतात आणि बैल चालण्याऐवजी उड्या मारतो. सेकंदाला १२ किंवा २४ फोटोंचा नाद बालवर्गात नको. २४ ने पाच सेकंदांना १२० फोटो लागतात, आणि चाळिसाव्या फोटोला गट पांगलेला असतो.

फोन हलला की सगळं बिघडतं. स्टँड नसेल तर दोन विटांच्या मध्ये फोन आडवा उभा करा, मागे तिसरी वीट, आणि रबरबँडने बांधा. बटण दाबताना फोन हलतो म्हणून मोफत आवृत्तीतही एक सोय शोधून ठेवा: अ‍ॅपमध्ये ठराविक वेळाने आपोआप फोटो निघण्याची मांडणी असते. दर १० सेकंदांनी एक असं लावलं तर २५ फोटो चार-सव्वाचार मिनिटांत होतात. पण मग मुलांना घाई होते आणि हात चित्रात येतात. मुलाने हलक्या बोटाने बटण दाबलेलं बरं. वायरच्या हेडफोनचं आवाज वाढवायचं बटण बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं बटण म्हणून चालतं. ते चाललं तर फोनला हातच लागत नाही.

कामं वाटून द्या. एकाने बैल सरकवायचा, एकाने बटण, एकाने राखण करायची, म्हणजे चित्रात कुणाचा हात किंवा सावली आहे का बघायचं, आणि एकाने मोठ्याने मोजायचं. राखणदार 'हात वर' म्हणाला की सगळ्यांचे हात वर, मगच बटण. पाच फोटोंनंतर कामं फिरवा. मोजणाऱ्याचे २५ पर्यंतचे आकडे त्या दिवशी पाठ झाल्याशिवाय राहत नाहीत. अ‍ॅपमध्ये मागचा फोटो पुसट दाखवण्याची सोय आहे, ती सुरू ठेवा. बैल आडवा पडला तर पुन्हा नेमक्या जागी उभा करता येतो.

बैल आडवा पडतोच. मुलांच्या बैलाचे पाय बारीक आणि पोट जड असतं. पायांत कडब्याची काडी घाला आणि खूर रुंद ठेवा. माती कपाशीच्या शेतातली काळी असेल तर ती वाळताना आकसते आणि फाटते, तिचा गुणच तो. कुंभाराकडची मळलेली माती सगळ्यात बरी. काळीच वापरायची असेल तर चाळलेली बारीक वाळू आणि पिंजलेला थोडा कापूस मिसळून मळा. चित्रण एका बैठकीत संपवा. अर्धं आज, अर्धं उद्या केलं तर बैलाचा रंग ओल्याचा सुका होतो आणि तो मध्येच दुसराच बैल दिसायला लागतो. मध्ये थांबावं लागलंच तर ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.

उजेडाचा त्रास श्रावणात नेमका जास्त. ढग येतात-जातात, एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला, आणि व्हिडिओ लुकलुकतो. पडद्यावर बैलावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर दार-खिडक्या लावून दिव्याखाली घ्या. स्वस्त एलईडी दिव्याखाली चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. नसेल तर दिवा बदलून बघा.

केळीची फणी, उलटी

हा सगळ्यात छोटा उपक्रम आणि सगळ्यात चविष्ट. दहा केळ्यांची फणी टेबलावर, फोन विटांत स्थिर. एकेका मुलाने येऊन एक केळं तोडायचं, घेऊन जायचं. प्रत्येक वेळी ३ सेकंद चित्रण. दहा तुकडे झाले की क्रमाने जोडायचे: दहा, नऊ, आठ, असं शून्यापर्यंत. मग एक्सपोर्ट करून (म्हणजे जोडलेला व्हिडिओ फोनमध्ये उतरवून) तोच व्हिडिओ पुन्हा अ‍ॅपमध्ये घेऊन 'रिव्हर्स' दाबायचं. मुलं मागे मागे चालत येतात आणि केळी फणीला चिकटतात. वर्गात हसून दंगा होतो, तो होऊ द्या.

दंगा ओसरला की विचारा, 'खरंच असं होतं का? कशावरून कळलं उलटं आहे ते?' मुलं मागे चालतात म्हणून, तोडलेलं केळं परत चिकटत नाही म्हणून. जे उलटं होऊ शकतं आणि जे होऊ शकत नाही, त्याची यादी तोंडी करा. दार उघडणं-लावणं उलटं चालतं. दूध सांडणं चालत नाही. फणीचं मोजणं उतरत्या आणि चढत्या क्रमाने एकाच व्हिडिओत होऊन जातं. केळी अर्थात खायला देऊन टाका, पण चित्रण संपल्यावर. आधी दिली तर सातव्या केळ्याला गट रिकामा.

रिव्हर्स करायला फोनला बराच जोर लागतो. जुना फोन एक मिनिटाचा व्हिडिओ उलटा करताना अडकतो किंवा अ‍ॅप बंद पडतं. तीस सेकंदांपर्यंत ठेवा, बाकीची अ‍ॅप बंद करा.

अक्षरं

व्हिडिओवर नाव लिहायचा मोह सगळ्यांना होतो. अ‍ॅपमधल्या नक्षीदार अक्षरांत जोडाक्षरं फुटतात, 'प्र'चे दोन तुकडे होतात, वेलांटी भलतीकडे जाते, कारण त्या अक्षरांत देवनागरी बसवलेलीच नसते. फोनचं साधं अक्षर निवडलं तर जोडाक्षर नीट येतं, पण बऱ्याच फोनमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. बाराखडी शिकणाऱ्या मुलासमोर फळ्यावरचा ल वेगळा आणि व्हिडिओतला वेगळा, हे टाळलेलं बरं. सोपा उपाय म्हणजे पाटीवर खडूने 'भरीत' लिहा आणि पाटीचा फोटो पहिला तुकडा म्हणून घाला. पहिलीतल्या मुलाने लिहिलं तर आणखी चांगलं.

उन्हाळ्याचं गणित

भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे मध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. अनेक कंपन्या आपल्या फोनसाठी साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य धरतात. सकाळची शाळा असते तेव्हा नऊच्या आत चित्रण आटपा. नंतर फोन तापतो, कॅमेरा आपोआप बंद होतो, किंवा व्हिडिओ एक्सपोर्ट होताना मध्येच तुटतो. तापलेल्या फोनचं कव्हर काढा, सावलीत फरशीवर ठेवा, चार्जिंग काढा. फ्रिजमध्ये किंवा माठाला टेकवून ठेवण्याचा उपाय करू नका, आत ओल धरते. वीज जाणार हे ठाऊक असेल तर पॉवर बँक आदल्या रात्री भरून ठेवा आणि एक्सपोर्टचं काम वर्गात न करता संध्याकाळी करा.

टीव्हीवर दाखवताना

पेनड्राइव्ह लावला आणि टीव्हीने 'फाइल चालत नाही' म्हटलं, तर बहुधा व्हिडिओ एच.२६५ प्रकारात निघालेला असतो. नवे फोन जागा वाचवण्यासाठी तसं करतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला 'हाय एफिशिएन्सी' पर्याय बंद करा आणि अ‍ॅपमधून ७२०, ३० फ्रेम, एच.२६४ असा एक्सपोर्ट घ्या. जुने टीव्हीही तो चालवतात. व्हिडिओ उभा काढला असेल तर टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. कॅनव्हास, म्हणजे चित्राची चौकट, १६:९ (आडवी) सुरुवातीलाच निवडा, शेवटी बदलला तर डोकी कापली जातात.

एक्सपोर्ट होईपर्यंत गॅलरीतले मूळ फोटो आणि तुकडे पुसू नका, जागाही बदलू नका. ही अ‍ॅप त्यांची प्रत करत नाहीत, मूळ जागेवरूनच उचलतात. जागा रिकामी करायला म्हणून कुणी गॅलरी साफ केली की प्रोजेक्टमध्ये काळे चौकोन उरतात, आणि कचरापेटीही रिकामी केली असेल तर मूळ फोटो परत आणता येत नाहीत.

चेहरे

भरीत, बैल, फणी या तिन्हींत चेहरा लागतच नाही, हे लक्षात आलं असेल. हात दिसतात, आवाज येतो, पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याची कलमं शाळेला कशी लागतात यावर चर्चा करत बसण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला पालक सभेत एक साधा कागद भरून घ्या. त्यात तीन वेगळे प्रश्न असावेत: वर्गात चित्रण चालेल का, पालकांच्या ग्रुपवर चालेल का, बाहेर कुठे चढवलं तर चालेल का. एकच 'मान्य' घेऊ नका. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणणारे पालक बरेच असतात आणि त्यांचं बरोबर आहे.

गणवेशावर शाळेचं नाव, गळ्यात ओळखपत्र, भिंतीवर मुलांच्या नावांचा तक्ता, हे चौकटीत येतंय का बघा. कॅमेऱ्याचं 'लोकेशन' बंद ठेवा. आवाजात मुलाने स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगितलं असेल तर तो तुकडा कापा. रडणारं, जेवताना सांडणारं, झोपलेलं मूल गंमत म्हणून टाकायचं नाही, पालकांनी हो म्हटलं असलं तरी.

ग्रुपवर पाठवताना तीस सेकंदांचा व्हिडिओ आणि खाली एक ओळ: 'घरी विचारा, वांगं आधी सोलतात की आधी भाजतात?' नुसता व्हिडिओ पाठवला तर अंगठे येतात. प्रश्न पाठवला तर मूल घरी बोलतं, आणि एखादी आजी 'आधी देठाला चीर पाड' असं सांगून क्रमात सहावं चित्र घालायला लावते. तेही चित्र मागवून घ्या.

महिना संपला की तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणि एका दुसऱ्या जागी ठेवा, नाव देताना महिना आणि विषय एवढंच: 'जानेवारी-भरीत-अहिराणी', 'जानेवारी-भरीत-मराठी'. कच्चे तुकडे, ज्यांत चेहरे आलेले असू शकतात, ते गॅलरीतून आणि गॅलरीच्या कचरापेटीतूनही पुसा. बऱ्याच फोनमध्ये ते तिथे महिनाभर पडून असतात. फोटोंचं आपोआप क्लाउडवर चढणं सुरू असेल तर तिथलेही पुसावे लागतात.